डॉक्टरनाक्यावरचा बंद दवाखाना

सोलापूरहून निघताना आईने विचारलं, "नक्की कशाला चाललीस?" आणि मी खरं तेच सांगितलं. "एक बंद दवाखाना नकाशावर सारखा परत येतोय. तो का येतोय ते बघायला पनवेलला जाते." आईने शेंगाचटणीचा डबा पिशवीत कोंबला आणि आतल्या खोलीत जाऊन मावशीला फोन लावला. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण संध्याकाळी मावशीचा मला मेसेज आला, "ये गं बाळा, आराम करायला ये."

तर आधी थोडं सांगते, म्हणजे पुढचं सगळं लागेल. आमचा एक गट आहे, मराठी नकाशावाल्यांचा. जो नकाशा कुणा एका कंपनीचा नाही, लोकांनीच मिळून बनवलेला आहे, कुणीही त्यात जागा टाकू शकतं, कुणीही काढू शकतं, त्यावर आम्ही काम करतो. नाव चुकलंय, रस्ता वळलाय, दुकान बंद झालंय, असं कुणी कळवलं की आम्ही बघतो आणि दुरुस्त करतो. पगार नाही, काही नाही, नुसती खाज. तर पनवेलजवळ नेऱ्याच्या रस्त्यावर 'अंकुर दवाखाना' नावाची एक नोंद होती, पुढे लिहिलेलं 'चोवीस तास उघडा', आणि तिच्यावर एक तक्रार येऊन पडली होती. "हे डॉक्टर, म्हणजे माझे बाबा, दोन वर्षांपूर्वी गेले. लोक आजारी माणसं घेऊन घराचं दार वाजवतात. आई एकटी असते. कृपया काढून टाका." खाली नाव, मानसी.

मी काढली नोंद. चार दिवसांनी परत हजर. गटातल्या दुसऱ्याने काढली, परत हजर. टाकणाऱ्याचं नाव 'मोरपीस', आणि तिसऱ्या वेळी त्याने सोबत एक ओळ लिहिली होती, "जागा हाय. काढू नका." आम्ही त्याला निरोप पाठवले, आधी गोड, मग कमी गोड, उत्तर शून्य. तेवढ्यात मानसीने तक्रारीखाली लिहिलं, "राहू द्या. येत्या रविवारी मी आईला माझ्याकडे रोह्याला घेऊन जातेय, घर बंद करणार. आईला जायचं नाहीये, पण रात्री-अपरात्री दार वाजतं, मला इकडे झोप लागत नाही."

आता हे वाचल्यावर काय बसवणार आहे का? आमच्या गटात अविनाश सर म्हणून आहेत, शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "घरी बसून खोडाखोडी करू नका. कुणीतरी जाऊन बघा." मी म्हणाले, जाते. मावशी रोडपालीला राहते, सुट्टी शिल्लक होती, झालं.

बसने घाट उतरला तशी हवा एकदम बदलली. आमच्याकडे जानेवारीत ओठ फुटतात, इथे मानेला चिकट लागायला लागलं. डावीकडे उजवीकडे नुसत्या इमारती, अर्ध्या बांधलेल्या, हिरव्या जाळ्या लावलेल्या, आणि मधूनच एखादा डोंगर त्यांच्या मागून डोकं वर काढतो, वर्गात उंच पोरगं मागच्या बाकावर उभं असावं तसं. मी कळंबोलीला उतरले. मावशी स्कूटर घेऊन आलेली. पहिला प्रश्न, "जेवलीस?" दुसरा, "मुलगा कोण आहे?"

"कुठला मुलगा?"

"मग सुट्टी काढून दवाखाना कोण बघायला येतं, तेजू? मला सांग, मी ताईला नाही सांगणार."

तिला नकाशा दाखवला, मोरपीसची ओळ दाखवली, मानसीचं दाखवलं. मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "हा मोरपीस बिल्डर असणार. बाईला घर सोडायला लावतोय. इथे हेच चालतं." मला तर ते इतकं पटलं की रात्री मी गटावर लगेच टाकून दिलं, 'बिल्डरचा संशय'. पटापट बोटं चालतात माझी, डोकं मागून येतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर आधी पोट भरलं, उसळ-पाव, वर कांदा, आणि तर्री आमच्या सोलापूरच्या मानाने अगदी सोज्वळ. मग नेऱ्याकडे जाणारी मिनीडोर (सहा आसनी रिक्षा, सहा हे फक्त नावाला) पकडली. मी ड्रायव्हरच्या शेजारी. ड्रायव्हर म्हणजे बबनदादा, कानात अत्तराचा फाया, मांडीवर फडकं.

"कुठं सोडू?"

"अंकुर दवाखान्यापाशी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "काय दुखतंय?"

"काही नाही."

"मंग ठीक हाय. तिथं डॉक्टर नाय. दोन वर्सं झाली गेले." गिअर टाकला आणि पुढे म्हणाले, "शनवार-रविवार फार्महाऊसची लोका येतात ना, फोन बघून सरळ तिथंच उतरतात. दार वाजवतात. मंग परत मीच त्यांना उचलतो न् सरकारी दवाखान्यात नेऊन सोडतो. पोपटीच्या दिवसांत तर ईचारू नका."

पोपटी म्हणजे काय ते मला मागून कळलं, येईल पुढे. मी विचारलं, "मग गावातल्या कुणाला माहीत नाही का, की नकाशावर कोण टाकतं?"

"गावात नकाशा कोन बघतो? आमी तर सगळं डॉक्टरनाक्यावरनं सांगतो. डॉक्टरनाक्याच्या अलीकडं, डॉक्टरनाक्याच्या पलीकडं."

विचुंबे मागे पडलं, गाढी नदी ओलांडली, मग इमारती विरळ झाल्या आणि दोन्ही बाजूंना वालाची शेतं लागली, गुडघ्याएवढी, हिरवीगार. भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल टाकतात, वेगळं पाणी लागत नाही. समोर प्रबळगड, त्याच्या कडेला कलावंतिणीचा सुळका. मी मध्येच उतरले, कारण मला हुशारी सुचली. आमच्या नकाशावर तिथून एक पायवाट दाखवत होती, सरळ शेतातून दवाखान्याच्या मागे निघणारी. बबनदादा म्हणाले, "रस्त्यानं चला ना." मी म्हणाले, वाट आहे, मला माहितीये.

वाट होती. छान होती. आणि मग ती एका भिंतीत गेली. नव्या फार्महाऊसची भिंत, गेटवर दोन सिमेंटचे सिंह, आत निळा तलाव. वॉचमन खुर्चीवर बसून उन्हात पाय शेकत होता.

"भैया, इथनं जायला रास्ता होता ना?"

"था।"

"अब?"

"अब स्विमिंग पूल है।"

मी फोन काढून तिथल्या तिथे वाट खोडली. तो उठून बघायला आला. "मिटा दिया? सेठ को बोलूँ क्या?" म्हटलं, बोला. आल्या वाटेने परत, चपलेत कुसळं, आणि बबनदादांची मिनीडोर तोवर परतीच्या फेरीला माझ्या समोरून गेली. त्यांनी फक्त हॉर्न वाजवला.

डॉक्टरनाका म्हणजे मोठा चौक वगैरे नाही. डांबरी रस्त्याला एक गावाकडे जाणारा फाटा, फाट्यावर आंब्याचं झाड, एका बाजूला किराणा दुकान आणि बरोबर समोर बैठं कौलारू घर. घराच्या गेटवर पत्र्याचा बोर्ड, रंगाने हाताने लिहिलेला, 'दवाखाना बंद आहे'. मी दुकानात शिरले, पाणी मागितलं. दुकानात एका कोपऱ्यात किराणा आणि बाकी सगळीकडे गावातल्या लोकांसाठी आलेली पार्सलं, खोकी, पिशव्या, एकावर एक. गल्ल्यावर वैशाली, तिशीतली, कानात मोठे झुबे, एका हाताने वालाच्या शेंगा निवडतेय, दुसऱ्या हाताने फोनवर कुणालातरी झापतेय. फोन ठेवला आणि मला विचारलं, "कुठनं आलीस गो बाय?"

"सोलापूर."

"बापरे. पार्सल न्यायला?"

मी सांगितलं, समोरच्या काकींकडे आलेय, ते दार वाजवण्याचं प्रकरण आहे ना, त्यासाठी. बस, एवढं म्हणायचा अवकाश. तिने शेंगांची परात बाजूला सरकवली.

"कोन मेला टाकतो तो फोनमदी, त्याचा पत्ता लावच तू. मागल्या रविवारी काय झालं म्हायती? एक बाई पोराला घेऊन आली, पोराचा हात पोळलेला, पोपटीच्या मडक्याला लागला. काकीला म्हनते, तुमी डॉक्टरची बायको ना, कायतरी करा. काकी काय करनार? मीच त्यांना गाडीत घातलं न् पाठवलं. पोरगा बरा हाय. पन काकी दोन दिस जेवली नाय. आता मानसी न्यायला येते तिला रविवारी. त्या टाकनाऱ्याला घावू दे, याच आंब्याला बांधते."

मी म्हटलं, बिल्डर असेल. ती म्हणाली, "असंल. नायतर शेजारचं जळनारं कोन."

मग तिने मला सोबत घेतलं आणि आम्ही समोर गेलो. शुभदाकाकी ओट्यावर बसलेल्या, साडीवर स्वेटर, केस अगदी पांढरे. मूळच्या पेणच्या. मी ओळख सांगितली तशा म्हणाल्या, "सोलापूरहून यासाठी आलीस? मानसीनं काय लिहिलं गं असं." चहा केला. त्यांच्या बोलण्यात तक्रार कमी आणि ओशाळलेपण जास्त. मी बोर्डाचं विचारलं, बोर्ड लावलाय ना, मग?

"बोर्ड वाचून तर जास्त वाजवतात. बंद आहे म्हणजे आत्ता बंद असेल, फोनमध्ये चोवीस तास लिहिलंय, म्हणजे आतून उठवलं की उघडेल." त्या हसल्या. "चूक नाही त्यांची. हे असताना तसंच व्हायचं. कुणीही कधीही उठवायचं." मग कप गोळा करता करता म्हणाल्या, "दार उघडलं की त्यांचा चेहरा एकदम उजळतो. आणि मग मी सांगते. त्यानंतरचा चेहरा मला नाही गं बघवत."

"मग रोह्याला जायचं?"

"मानसीचं बरोबर आहे. पण तिकडे मी काय करू? इथे सकाळी वैशाली येते, शेंगा निवडतो, परसात वाल आहे, विहीर आहे." वैशालीने ओट्यावरची परात पुढे ओढली आणि दोघी शेंगा निवडायला लागल्या. मीही लागले. मला अजिबात येत नाही ते, मी किडक्या चांगल्यात टाकत होते आणि वैशाली त्या न बोलता काढत होती.

दुपारी तिने मला दुकानाच्या मागे जेवायला घातलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. मी शेंगाचटणीचा डबा उघडला, तिने बोटाने चाखून डोळे मिटले. आणि मग गप्पांत तिने स्वतःहून सांगायला सुरुवात केली, अगदी खुशीत.

"तुमी फोनवाल्या पोरी हुशार, पन मीबी कमी नाय हां. पार्सलवाले पोरगे हाय ना, त्यांना डॉक्टरनाका सापडायचाच नाय. आधी सापडायचा, मंग डॉक्टर गेल्यावर कोनीतरी फोनमदनं जागाच काढून टाकली. सगळी पार्सलं नेऱ्याच्या बाजारात टाकून जायचे. आख्खा गाव माझ्यावर चिडलेला. मंग मीच शोधून काढलं कसं टाकायचं ते. काढली की टाकते. परत काढली की परत टाकते. कोन हाय कोन जाने, पिच्छाच सोडत नाय माझा."

माझा घास तोंडातच. "दाखवा बरं."

तिने फोन पुढे केला. तिच्या खात्यावर हिरव्या-निळ्या रंगाचं चित्र आणि खाली नाव, मोरपीस.

मी तिची भाकरी खाल्लेली. तिचा तो पिच्छा न सोडणारा माणूस मी होते. मी फक्त नोंद उघडली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने टाकलेली जागा, अंकुर दवाखाना, चोवीस तास उघडा. "ऍपनं ईचारलं काय हाय तिथं," ती हळू म्हणाली, "त्या यादीत नाका नव्हता. मंग जे व्हतं तेच टाकलं. मंग ईचारलं किती वेळ उघडा. डॉक्टर तर कवापन उघडायचे." तिने ते दोनदा वाचलं. "हेच बघून येतात लोका? मना वाटलं हे फकस्त पार्सलवाल्यांना दिसतं."

मी मान हलवली. आमचे निरोप तिच्या फोनात तसेच न उघडलेले पडले होते. फार्महाऊस बुक करायचं जे ऍप आहे, ते 'जवळचा दवाखाना' आमच्याच नकाशावरून उचलतं. ते मी तिला सांगितलं. तिने ताट सरकवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ रस्ता ओलांडला. मी मागे पळत.

काकी ओट्यावरच होत्या. वैशाली पायरीशी उभी राहिली. "काकी, तो मेला मीच."

"कोण मेला?"

"फोनमदी टाकनारा. मी पार्सलसाठी टाकत व्हते. मना काय म्हायती तेच बघून येतात."

काकी बघतच राहिल्या. रोज सकाळी या दोघी एकाच परातीत शेंगा निवडायच्या, एक म्हणायची लोक दार वाजवतात, दुसरी म्हणायची पार्सलं येत नाहीत, आणि दोघी मिळून त्या न पाहिलेल्या माणसाला शिव्या द्यायच्या. काकींच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"म्हणजे दोन वर्षं आमच्या यांना तूच ड्युटीवर ठेवलंस होय."

वैशाली रडायला लागली, काकी हसायला लागल्या, मग काकींचंही रडणं आणि हसणं एकत्र झालं. मी आंब्याकडे बघत उभी होते. वैशालीच्या लक्षात आलं. नाक पुसत म्हणाली, "बघतेस काय, बांध मना."

मग आम्ही ओट्यावर तिघी बसलो आणि काम केलं. मला अविनाश सरांचं म्हणणं आठवत होतं, की नोंद खोडली की त्या जागी भोक पडतं आणि कुणीतरी ते भोक परत त्याच मातीने भरतं. आत्ता दिसत होतं ते. आम्ही दवाखाना काढायचो, तर त्याच्याबरोबर नाकाही जायचा, कारण एकाच नोंदीवर दोघं लटकलेले. बाहेरच्यांना दवाखाना दिसायचा, गावाला नाका. मी म्हटलं, दोन वेगळ्या गोष्टी करू. आंब्याखाली रिक्षा थांबा, नाव 'डॉक्टरनाका'. आणि हे घर, फक्त घर. दवाखान्याची नोंद पुसायची नाही, 'पूर्वीचा दवाखाना, आता बंद' अशी ठेवायची, म्हणजे तो शोधात दवाखाना म्हणून येणार नाही, पण उद्या आणखी कुणाला परत टाकावासा वाटला तर त्याला दिसेल की हे ठरवून बंद केलंय.

काकी ऐकत होत्या. म्हणाल्या, "नाका राहू दे. हे घर घेतलं तेव्हा इथे काही नव्हतं, नाका यांच्यामुळेच झाला. पण मला एक सांग, माणूस आजारी आहे आणि इथे काही दिसलं नाही, तर तो जाईल कुठे? नुसतं नाही म्हणून कसं चालेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नकाशावर नेऱ्याचा सरकारी दवाखाना होता, पण वेळ लिहिलेली नव्हती, फोन नव्हता, आणि खूण पार मागच्या गल्लीत. म्हणून बबनदादांना बोलावलं, मी आणि वैशाली मिनीडोरमध्ये बसून तिथे गेलो. नर्सबाईंना विचारलं, रात्री कोणी असतं का. त्या म्हणाल्या, "असतं. पण लोक इथे उशिरा पोचतात, आधी कुठेतरी भटकून येतात." वैशाली खाली बघायला लागली. मी खूण बरोबर फाटकावर आणून ठेवली, वेळ आणि फोन नंबर लिहिला, आणि परत नाक्यावर आल्यावर फोन वैशालीच्या हातात दिला. मी बोट दाखवलं, तिने दाबलं. बदलाची टीप काय लिहायची विचारल्यावर तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, "दवाखाना नाय. नाका हाय. सरकारी दवाखाना नेऱ्यात हाय."

मी तो बदल गटावर टाकला. अविनाश सरांनी फक्त लिहिलं, "उत्तम. बिल्डरला कळवा."

पण खरी धाकधूक तिथून सुरू झाली. कारण आमच्या नकाशावर बदल लगेच दिसतो, पण त्याच्यावर चालणारी बाकीची ऍप आपापल्या सवडीने नवी प्रत घेतात. फार्महाऊसच्या ऍपवाल्यांना मी कळवलं, त्यांचं यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं, लवकरच दिसेल. लवकर म्हणजे कधी? रविवारी मानसी येणार. शनिवारी संध्याकाळी एक जरी दार वाजलं, तरी ती आईला ठेवणार नाही, आणि काकीही नाही म्हणू शकणार नाहीत. शुक्रवारभर मी मावशीकडे बसून ते ऍप उघडत होते, बंद करत होते. अंकुर दवाखाना, चोवीस तास उघडा. मावशीला आता माझ्याहून जास्त चढली होती, ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "गेला का?" "नाही." "आता?" "मावशी."

शनिवारी दुपारी परत नेऱ्याच्या मिनीडोरमध्ये बसले, या वेळी मावशीही. गाढी नदीच्या पुलावर ऍप उघडलं आणि अंकुर दवाखाना नव्हता. जवळचा दवाखाना, सरकारी, नेरे. मी फोन मावशीच्या तोंडापुढे धरला, तिने बबनदादांच्या तोंडापुढे धरला, ते म्हणाले, "बाई, पूल हाय, मागं घ्या."

संध्याकाळी काकींच्या परसात वैशालीने पोपटी लावली. आता सांगते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला (रानात उगवतो, वास ओव्याच्या जवळचा) घालायचा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वैशालीने त्यात बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी पानात गुंडाळून ठेवली, परत शेंगा, परत पाला, तोंड पाल्यानेच दाबून बंद, आणि मडकं जमिनीवर उपडं. चहूकडून गवत, काटक्या, पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. शिजलं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र करून उडालं की झालं. त्या धुराला असा काही वास येतो की मी दोन वेळा उगाचच वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

दिवस मावळतीला आला आणि रस्त्याने फार्महाऊसच्या गाड्या सुरू झाल्या. आम्ही परसात, पण गेट दिसत होतं. काकी खुर्चीवर, तोंड गेटकडे. एक गाडी गेली. दुसरी गेली. मावशी कोंबडीच्या मसाल्याबद्दल काहीतरी विचारत होती, कुणी ऐकत नव्हतं. मग एक पांढरी गाडी हळू झाली, तिचा दिवा लुकलुकला आणि ती बरोबर गेटसमोर थांबली. काकी अर्ध्या उठल्या. वैशालीच्या हातात जळकं लाकूड, ती तशीच उभी. दार उघडलं, एक माणूस उतरला, फोन हातात. त्याने घराकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, वळला आणि रस्ता ओलांडून दुकानाच्या बंद शटरकडे गेला. तिथून ओरडला, "कोणी आहे का? कोळसा मिळेल?"

वैशालीने लाकूड खाली टाकलं. "मिळंल. आयले."

काकी खाली बसल्या. म्हणाल्या, "शिजली असेल बघा ती. पाणी शिंपडा." आम्ही जेवलो, हात काळे करून, शेंगा सोलून, आणि मावशीने सोलापूरच्या चटणीबरोबर वाल खाऊन बघितले आणि स्वतःच शोध लावल्यासारखं सगळ्यांना वाढले. निघेपर्यंत कुणी दार वाजवलं नाही.

रविवारी मी मुद्दाम परत गेले. बबनदादांनीच स्टँडवर हाक मारली. "काल रात्री एक म्हातारे हाय ना, फार्महाऊसवरचे, मधमाशी चावली त्यांना. सरळ सरकारी दवाखान्यात गेले. मला काय उचलायची पाळीच नाय आली." त्यांचा चेहरा अर्धा खूश, अर्धा गिऱ्हाईक गेल्यासारखा.

मानसी आली ती दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. आईचे कपडे भरायला. ती दारातच विचारायला लागली, काल किती जण आले, आणि काकी म्हणाल्या, "एकही नाही. सकाळी वैशालीनं उठवलं मला, दूधवाला येऊन गेला तरी उठले नव्हते." मानसीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. ती आईच्या जवळ बसली, कपाळाला हात लावला, ताप आहे का बघतात तसा. म्हणाली, "एक महिना बघू. एक जरी आला तरी मी येणार."

"ये की," काकी म्हणाल्या. "तशीही ये."

दुपारी ती निघाली तेव्हा एक बॅग वालाच्या शेंगांनी भरलेली, दुसरीत कडवे वाल, तांदूळ, आणि वैशालीच्या दुकानातलं कुणी न नेलेलं एक पार्सल सुद्धा गेलं होतं चुकून, ते रोह्याहून परत मागवावं लागलं. बॅगा उचलून मिनीडोरवर चढवताना बबनदादांची कंबर धरली.

मी सोमवारी परतले. बस घाट चढायला लागली आणि मान कोरडी झाली, ओठ ओढायला लागले, तेव्हा कळलं आपण घराकडे निघालो. खिडकीतून खाली बघत मी ऍप उघडलं आणि उगाचच तक्रारींची यादी चाळत बसले. कुठल्यातरी गावचं पोस्ट ऑफिस हललंय, कुठे पिठाची गिरणी बंद झालीय. आधी मी अशा यादीवर तुटून पडायचे, चहा गार होईपर्यंत दहा-बारा जागा साफ करायचे आणि गटावर टाकायचे, आजचा हिशोब. आता गिरणीवर बोट ठेवलं आणि थांबले. गिरणी बंद, मग त्या गावातली माणसं पत्ता काय सांगतात? दळण कुठे नेतात? तक्रार करणाऱ्याला मी लिहिलं, "तिथे जवळ कोण राहतं? फोन नंबर मिळेल का?"

लोणावळ्याजवळ मानसीचा मेसेज आला. "रोह्यात काल रात्री मला छान झोप लागली. आईला फोन केला तर म्हणाली नंतर कर, शेंगा निवडतेय."